पॉवरलाइन अडॅप्टर एकमेकांना सापडत नाहीत? आधी दोघांना एकाच बोर्डावर आणा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधलं दुमजली रो-हाउस. फायबरचा राउटर खाली हॉलमध्ये, अभ्यासाची खोली वर. मधल्या स्लॅबमुळे वायफाय वर धड पोहोचत नाही, म्हणून पॉवरलाइन अडॅप्टरची (घरातल्या विजेच्या तारांमधूनच इंटरनेट पोहोचवणाऱ्या प्लगची) जोडी लावली होती. त्यातला एक जळाला. बदली म्हणून त्याच कंपनीचा एक वापरलेला अडॅप्टर आणला. दोन्हींवर पॉवरचा दिवा लागतो, पण घराचं चित्र असलेला मधला दिवा काही लागत नाही. दोन्हीकडची पेअरची बटणं कितीदा तरी दाबून झाली, जिन्यावरून वर-खाली पळापळही झाली. घरात थ्री फेज मीटर आहे, इन्व्हर्टरही आहे. बिघाड अडॅप्टरमध्ये आहे की वायरिंगमध्ये?

हे ठरवायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण त्यासाठी जिन्यावरची पळापळ आधी थांबवा. तो मधला दिवा लागायला दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात. एक म्हणजे दोन्ही अडॅप्टरच्या मेमरीत एकच किल्ली (नेटवर्कचा गुप्त कोड) असणं, आणि दुसरी म्हणजे एकाचा सिग्नल घरातल्या तारांमधून दुसऱ्यापर्यंत पोहोचणं. एक अडॅप्टर खाली आणि एक वर ठेवून बटणं दाबली की यातलं नेमकं काय बिनसलंय ते कधीच कळत नाही. किल्ली चुकली तरी दिवा बंद, तार चुकली तरी दिवा बंद. म्हणून तारेचा प्रश्न काही वेळापुरता बाजूला काढायचा: दोन्ही अडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर, शेजारी शेजारी.

आता किल्लीचं काय ते बघू, कारण तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. होमप्लग एव्ही (पॉवरलाइनचं एक ठरलेलं तंत्र) जातीचे अडॅप्टर आपसातली सगळी माहिती 128 बिटांच्या एईएस किल्लीने कुलूपबंद करून पाठवतात. ज्यांची किल्ली एक, तेच एकमेकांना ओळखतात. बाकीचे शेजारच्या पॉइंटवर असले तरी परकेच. खोक्यातून नव्या निघालेल्या जोडीत किल्ली आधीच जुळलेली असते, म्हणून पहिल्या दिवशी तुम्हाला बटण दाबावंच लागलं नसेल. वापरलेला अडॅप्टर मात्र आधीच्या घराची किल्ली बरोबर घेऊन येतो. प्लग काढल्याने किंवा महिनाभर कपाटात पडून राहिल्याने ती पुसली जात नाही. शिवाय आपण एका नेटवर्कचे सदस्य आहोत असं समजणाऱ्या अडॅप्टरचं बटण दाबलं, की तो ‘माझ्या नेटवर्कमध्ये कुणाला यायचंय का’ असं विचारतो. दोघंही हेच विचारत राहिले तर कुणीच कुणाकडे जात नाही. पन्नास वेळा बटण दाबलं तरी निकाल तोच. म्हणून जोडण्याआधी दोघांनाही जुन्या नेटवर्कमधून बाहेर काढावं लागतं, आणि नेमकी हीच पायरी बहुतेकांकडून राहते.

एक्स्टेंशन बोर्ड साधा हवा. स्पाइक गार्ड किंवा सर्ज प्रोटेक्टर चालणार नाही. बोर्डावर ‘सर्ज प्रोटेक्शन’ किंवा ज्यूलचा आकडा छापलेला असेल तर तो बाजूला ठेवा. बऱ्याच स्पाइक गार्डमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या मधे 0.1 मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर बसवलेला असतो. 50 हर्ट्झच्या विजेला तो सुमारे 32 हजार ओहमचा अडथळा वाटतो, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखाच. पण पॉवरलाइनचा सिग्नल मेगाहर्ट्झमध्ये असतो (एव्हीचा साधारण 2 ते 28 मेगाहर्ट्झ, त्याच्याच पुढच्या आवृत्तीचा, एव्ही2चा, वर 86 मेगाहर्ट्झपर्यंत) आणि 10 मेगाहर्ट्झला त्याच कपॅसिटरचा अडथळा हिशेबाने 0.16 ओहम उरतो. म्हणजे सिग्नलच्या दृष्टीने तिथे शॉर्टच झालेलं आहे. स्पाइक गार्ड आपलं काम चोख करत असतो, फक्त त्याला तुमचं इंटरनेटही कचराच वाटतं.

बोर्ड हॉलमध्ये राउटरजवळ आणा आणि तो भिंतीतल्या पॉइंटला थेट लावा. दोन्ही अडॅप्टर त्यावर लावा. मग बटणाला हात लावण्याआधी दोन्हींना नेटवर्कच्या केबली जोडा: एकाची राउटरला, दुसऱ्याची चालू असलेल्या लॅपटॉपला. हे विसरू नका. केबलच्या दुसऱ्या टोकाला काही चालू नसेल तर अनेक अडॅप्टर साधारण पाच मिनिटांत वीज वाचवण्यासाठी झोपी जातात. झोपलेल्या अडॅप्टरचा मधला दिवा विझतो, पॉवरचा दिवा संथपणे लुकलुकतो, आणि पेअरच्या बटणाकडे तो लक्ष देत नाही. रिकामा अडॅप्टर वरच्या खोलीत लावून तुम्ही खाली आलात तर तेवढ्या वेळात तो झोपलेला असण्याची शक्यता भरपूर. लॅपटॉप स्लीपमध्ये गेला तरी हेच होतं.

आता दोघांना जुन्या नेटवर्कमधून बाहेर काढायचं. एकाला बोर्डावर ठेवा, दुसऱ्याचा प्लग काढा. बोर्डावरच्याचं पेअरचं बटण दाबून धरा. कंपनीप्रमाणे 8 ते 15 सेकंद लागतात. खूण अशी, की सगळे दिवे एकदम विझतात आणि मग एकेक करून परत लागतात. ते विझले की बोट काढा. काही मॉडेलना वेगळं रीसेटचं छिद्र असतं. त्यात सिमकार्ड काढायची पिन घालून पाच-सहा सेकंद दाबायचं. आत बारीक ‘टिक’ जाणवते, ती नाही जाणवली तर पिन तिरकी गेली आहे. रीसेट झाल्यावर मिनिटभर त्याला हात लावू नका. मग त्याचा प्लग काढून दुसऱ्याचंही असंच करा. एका वेळी एकच, कारण दोन्ही चालू असताना एकाला बाहेर काढलं की त्याने लगेच नवं काय धरलं ते दिव्यांवरून ओळखणं अवघड जातं.

दोन्ही परत बोर्डावर लावा, दिवे स्थिर होऊ द्या. पहिल्याचं पेअर बटण एकच सेकंद दाबा, तोंडाने ‘एक’ म्हणेपर्यंत. पॉवरचा दिवा सेकंदा-सेकंदाने लुकलुकू लागला पाहिजे. दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं बटण तसंच एक सेकंद दाबा. आधी कुठला आणि नंतर कुठला याने आता काही बिघडत नाही, कारण दोघंही मोकळे आहेत. मग हात काढून घ्या आणि मिनिट-दीड मिनिट थांबा. इथली घाईच घात करते. दिवा लागेना म्हणून पुन्हा बटण दाबलं की चालू असलेली जोडणी रद्द होते. आणि जोर लावून जास्त वेळ दाबलं तर जोडणीऐवजी पुन्हा बाहेर पडण्याचीच आज्ञा जाते. नव्वद टक्के लोक बटण गरजेपेक्षा जास्त दाबतात असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा सोडा, तुम्ही ते मोजून दाबा.

अडॅप्टरला वायफायही असेल तर आणखी एक गल्लत होते. त्यावर वायफाय किंवा वायफाय क्लोनचं वेगळं बटण असतं, आणि राउटरवर डब्ल्यूपीएसचं. त्या बटणांनी वायफायचं नाव आणि पासवर्ड उचलला जातो, पॉवरलाइनची किल्ली नाही. पेअर म्हणजे पेअरच.

बोर्डावर मधला दिवा लागला तर तुमचे दोन्ही अडॅप्टर ठणठणीत आहेत आणि किल्ली जुळली आहे. ती त्यांच्या मेमरीत पक्की बसली आहे, तेव्हा प्लग काढून वर न्या, पुन्हा पेअर करायची गरज नाही. वर दिवा लागला नाही तर बटणाला हात लावू नका. तिथे बटणाचा दोष नाही, तारेचा आहे. ती बाजू खाली घेतो.

बोर्डावरही दिवा लागला नाही तर?

मग आधी दोन्हींच्या मागची लेबलं वाचा. ‘त्याच कंपनीचा’ एवढ्याने भागत नाही. एकाच कंपनीने वेगवेगळ्या काळात एकमेकांशी अजिबात न बोलणाऱ्या जाती विकल्या आहेत. 2001 सालचं होमप्लग 1.0 आणि 2005 सालचं होमप्लग एव्ही एकाच तारेवर नांदू शकतात, पण त्यांची जोडी जुळत नाही. एव्ही आणि एव्ही2 यांची जुळते. त्यामुळे एव्ही200, एव्ही500, एव्ही600, एव्ही1000 हे एकमेकांशी जोडायला हरकत नाही, अगदी कंपनी वेगळी असली तरी. जी.एचएन ही मात्र पूर्ण वेगळी जात आहे. डेव्होलो या कंपनीचं उदाहरण घ्या: त्यांची जुनी डीलॅन मालिका होमप्लगची आणि नंतरची मॅजिक मालिका जी.एचएनची, त्यामुळे घरातल्या डीलॅनच्या जोडीत मॅजिक बसत नाही. लेबलवर एकीकडे ‘होमप्लग एव्ही’ किंवा ‘आयईईई 1901’ आणि दुसरीकडे ‘जी.एचएन’ असेल तर इथेच थांबा. या दोन जातींना एका तारेवर ठेवलं तर जोडी होत नाहीच, वर एकमेकांचा सिग्नलही बिघडवतात. तो अडॅप्टर परत करणं किंवा दुसरा घेणं हाच उपाय आहे, आणि तो लवकर केलेला बरा.

जात एकच असेल तर सॉफ्टवेअरने जोडून बघा. कंपनीचं पॉवरलाइनचं युटिलिटी सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका, लॅपटॉप केबलने थेट एका अडॅप्टरला जोडा, आणि वायफाय बंद करा. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा. अडॅप्टरशी बोलणारे हे संदेश आयपी पत्त्यावर जात नाहीत. ते त्याच्याही खालच्या, इथरनेटच्या थरातले असतात, आणि युटिलिटीने चुकीचं नेटवर्क कार्ड धरलं की तिला काहीच सापडत नाही. ‘डिव्हाइस सापडलं नाही’ असं आलं तर अडॅप्टर मेला असं लगेच समजू नका. लिनक्स वापरणाऱ्यांना क्वालकॉम अथेरॉसच्या चिपांसाठी ओपन-पीएलसी-युटिल्स हा मोफत संच आहे. त्यातून किल्ली, सदस्य आणि वेग सगळं उघड दिसतं.

युटिलिटीत स्वतःच्या नावाचं एक नेटवर्क ठरवा आणि दूरचा अडॅप्टर त्याच्या लेबलवरचा पासवर्ड टाकून त्यात घ्या. हा पासवर्ड बहुतेक कंपन्यांत सोळा इंग्रजी अक्षरांचा असतो, चार-चारच्या गटात, मधे आडव्या रेघा. अशा पासवर्डात अंक नसतात, म्हणून शून्यासारखं दिसतं ते ओ समजा आणि एकासारखं दिसतं ते आय. अक्षरं अतिशय बारीक असतात. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा, भिंतीला लावलेल्या अडॅप्टरमागे मान वाकडी करून वाचू नका. वापरलेल्या अडॅप्टरचं लेबल खरवडलेलं असेल तर त्यालाच लॅपटॉप लावा. केबलने थेट जोडलेल्या अडॅप्टरला पासवर्ड लागत नाही. मग त्याच्यात नेटवर्कचं नाव भरा, केबल दुसऱ्याला लावा, आणि त्यातही तेच नाव भरा. नावातलं लहान-मोठं अक्षर आणि शेवटी चुकून पडलेली स्पेससुद्धा किल्ली बदलते.

तरीही जमत नसेल तर एक अडॅप्टर खरोखर थकलेला असू शकतो. वर्षानुवर्षं भिंतीला गरम होत बसलेल्या अडॅप्टरच्या आतल्या पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. पॉवरचा दिवा लागतो, पण सिग्नल पाठवायची ताकद उरत नाही. थकलेल्या अडॅप्टरचं एक लक्षण असंही असू शकतं: प्लग काढून अर्धा तास गार होऊ दिला की जोडी होते, आणि तापला की पुन्हा सुटते. कृपा करून तो उघडू नका. 230 व्होल्टची वीज आत डीसी होते तेव्हा सुमारे 325 व्होल्ट होते, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ती काही काळ राहते.

आता तारेकडे वळू. बोर्डावर जुळलेली जोडी वरच्या खोलीत सुटली, असं धरून.

खालचा अडॅप्टर राउटरजवळ भिंतीतल्या पॉइंटला थेट लावा. दुसरा हातात घ्या आणि टप्प्याटप्प्याने लांब जा: आधी हॉलमधलाच दुसरा पॉइंट, मग खालचीच दुसरी खोली, मग वरच्या मजल्यावरचे एकेक पॉइंट. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा आणि कुठे दिवा लागतो, कुठे नाही, ते कागदावर लिहा. दिवा नसेल तरी पुढचे पॉइंट बघा, कारण वीज ज्या वाटेने जाते ती वाट डोळ्यांना दिसणाऱ्या अंतराशी जुळेलच असं नाही. भिंतीपलीकडच्या खोलीचा फेज वेगळा असू शकतो आणि वरच्या बाल्कनीचा हॉलबरोबरचाच. हा कागद तुमच्या घराचा खरा नकाशा आहे, वायरमनला बोलवायची वेळ आली तर तोच दाखवा.

नकाशात दोन ठरावीक आकृत्या दिसतात. पहिली आकृती म्हणजे घर साधारण तीन गटांत विभागलेलं दिसणं. हा थ्री फेजचा परिणाम. खोल्या आर, वाय, बी अशा फेजांवर वाटलेल्या असतात. पॉवरलाइनचा सिग्नल फेज आणि न्यूट्रलच्या मधे टाकला जातो. दुसऱ्या फेजवर जायला त्याला सरळ वाट नसते. शेजारून गेलेल्या तारांमधून थोडाफार झिरपतो, तेवढाच. कधी तेवढ्यावर भागतं, कधी नाही. अभ्यासाची खोली आणि हॉल एकाच फेजवर आहेत का, हे तुम्हाला कदाचित आधीच माहीत असेल: ‘एक फेज गेला’ की घरात काय बंद पडतं आणि काय चालू राहतं ते आठवा. हॉलचे पॉइंट बंद आणि अभ्यासाची खोली चालू असा अनुभव असेल तर फेज वेगळे आहेत. इन्व्हर्टरवरचे पंखे-दिवे या आठवणीत धरू नका, ते फसवतात.

यावर सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे परवानाधारक वायरमनकडून डीबीमध्ये (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत) एका खोलीच्या सर्किटचा फेज बदलून घेणं. टीपीएन (तीन फेज आणि न्यूट्रलच्या) डीबीत एमसीबीची (त्या सर्किटच्या आपोआप पडणाऱ्या स्विचची) जागा बदलून बहुतेक वेळा हे होतं, भिंत फोडावी लागत नाही. त्या फेजवर आधीच गिझर आणि एसी नाहीत ना, हे तो बघेल. दुसरा उपाय फेज कपलरचा. यात डीबीमध्ये फेजांच्या मधे खास दर्जाचे कपॅसिटर बसवतात, ज्यातून वरच्या वारंवारतेचा सिग्नल पलीकडे जातो. साधा पंख्याचा कपॅसिटर घेऊन कुणी हे करायला लागला तर थांबवा, दोन फेजांच्या मधे 400 व्होल्टच्या पुढे दाब असतो. मला स्वतःला फेज बदलण्याचा उपाय जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात नवीन काही बसवलं जात नाही आणि पुढे बिघडायलाही काही उरत नाही.

दुसरी आकृती इन्व्हर्टरची. पंखे-दिवे आणि त्यांच्याच भिंतीतल्या स्विचबोर्डावरचे 6 अँपिअरचे पॉइंट इन्व्हर्टरच्या लायनीवर, आणि 16 अँपिअरचे पॉइंट थेट. नकाशात खोलीनुसार नाही तर पॉइंटच्या जातीनुसार फरक दिसला, म्हणजे एकाच खोलीत स्विचबोर्डावरचा पॉइंट चालतो आणि एसीचा चालत नाही, तर इन्व्हर्टर मधे आहे असं समजा. लाइट असताना इन्व्हर्टर आपल्या रिलेतून वीज तशीच पुढे सोडतो, पण त्याच्या आतलं फिल्टर आणि तिथपर्यंत गेलेली लांबच लांब तार सिग्नल खाऊन टाकते. खात्री करायला बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे असलेला बायपासचा स्विच टाकून बघा. दिवा लागला किंवा वेग वाढला तर कारण सापडलं.

यावर खर्च नाही. दोन्ही अडॅप्टर एकाच बाजूला लावा: दोन्ही इन्व्हर्टरच्या लायनीवर, किंवा दोन्ही थेट. राउटर बहुधा इन्व्हर्टरवर असतो, म्हणून दोन्ही तिथेच ठेवणं सोयीचं, म्हणजे लाइट गेल्यावरही वर इंटरनेट राहतं. राउटरकडचा अडॅप्टर थेट लायनीवर असेल तर लाइट गेली की तो बंद पडणार, त्यात बिघाड काहीच नाही. एक सूक्ष्म गोष्ट इथे सांगायला हवी. होमप्लग एव्ही आपलं वेळापत्रक विजेच्या लाटेशी जुळवून चालवतं: दर दोन आवर्तनांनी एक नवं वेळापत्रक, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झला दर 40 मिलिसेकंदांनी. बॅटरीवर चालणाऱ्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची लाट कडांची आणि गोंगाटाची असते. त्यामुळे लाइट गेल्या-गेल्या जोडी सुटून मिनिटाभराने परत लागणं किंवा वेग निम्म्यावर येणं, असं होतं. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास बराच कमी असतो. अशा वेळी पेअर करायला बसू नका, लाइट आल्यावर करा.

वर वेगळी डीबी आणि वेगळा आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर सिग्नल त्यातूनही जातो, थोडा क्षीण होऊन. कुणी ‘आरसीसीबी काढा, मग चालेल’ म्हणालं तर ऐकू नका. इंटरनेटसाठी माणसाचा जीव वाचवणारं उपकरण काढायचं नसतं.

नकाशात काहीच आकृती दिसत नसेल, दिवा कधी लागतो कधी नाही, तर गोंगाट शोधा. युटिलिटीत वेगाचा आकडा उघडा ठेवा, कुणाला तरी डीबीपाशी उभं करा आणि अभ्यासाच्या खोलीचं व राउटरचं सर्किट सोडून बाकीचे एमसीबी एकेक करून पाडायला सांगा. प्रत्येकानंतर दहा सेकंद थांबा. आकडा एकदम उडी मारेल तिथे गुन्हेगार आहे. मग त्या सर्किटवरची उपकरणं एकेक करून बघा. नेहमी सापडणारी मंडळी: स्वस्त मोबाइल चार्जर, एलईडी पट्ट्यांचे ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मिक्सर, इंडक्शन शेगडी. सापडलेल्या उपकरणालाच स्पाइक गार्डवर टाका. आधी जो कपॅसिटर आपल्या वाटेत आडवा येत होता, तोच आता त्या उपकरणाचा कचरा त्याच्याजवळ अडवून ठेवतो. अडॅप्टरच्या पोटाला स्वतःचा पॉइंट असेल तर एक्स्टेंशन बोर्ड भिंतीला न लावता त्या पॉइंटला लावा. त्यात फिल्टर असतं, आणि ते याच कामासाठी असतं.

प्लगकडेही बघा. परदेशातून आणलेल्या अडॅप्टरला चौकोनी पिना असतील तर कन्व्हर्टर लागतो, आणि ढिल्या कन्व्हर्टरमध्ये पिन हलली की जोडी सुटते. हात लावल्यावर प्लग गरम लागला किंवा चरचर ऐकू आली तर तो लगेच काढा, ते नेटवर्कपेक्षा आगीचं प्रकरण आहे. शिवाय एव्ही2 मधले काही अडॅप्टर अर्थची तारही सिग्नलसाठी वापरतात. दोन पिनांचा कन्व्हर्टर किंवा नावापुरती अर्थिंग असेल तर ते चालतात, पण त्यांचा फायदा मिळत नाही.

दिवा लागला, पण वर इंटरनेट नाही, अशीही एक अवस्था येते. लॅपटॉपचा आयपी पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरपर्यंत विचारणाच पोहोचत नाही. आधी राउटरकडची केबल बदला, मग दोन्ही अडॅप्टर बंद करून चालू करा. लॅपटॉप एका अडॅप्टरवरून दुसऱ्यावर हलवला असेल तर त्यांना जुनाच पत्ता लक्षात असतो. आणि खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका: एव्ही600 च्या अनेक अडॅप्टरचा नेटवर्क पोर्ट 100 एमबीपीएसचाच असतो, आणि युटिलिटीत दिसणाऱ्या वेगाच्या साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा वेग प्रत्यक्षात हाती येतो.

जोडी जमल्यावर किल्ली कारखान्याची तर नाही ना, हे जरूर बघा. होमप्लगची एक मूळ किल्ली सगळ्यांना माहीत असते, आणि रो-हाउसच्या रांगेत शेजाऱ्याच्या तारा तुमच्या तारांपासून फार लांब नसतात. बटणाने पेअर केलंत किंवा युटिलिटीत स्वतःचं नाव दिलंत की हा प्रश्न मिटतो. पुढे तिसरा अडॅप्टर घ्याल तेव्हा चालू जोडीला रीसेट करू नका: जोडीतल्या एकाचं बटण सेकंदभर, मग नव्याचं सेकंदभर. नवा मोकळा असला की तो आपण होऊन येतो.

हे सगळं करून, फेज जुळवून, इन्व्हर्टर ओलांडूनही वर 20 एमबीपीएसच्या खालीच राहत असाल तर पॉवरलाइनवर आणखी पैसे घालू नका. जिन्याच्या कडेने किंवा केबल टीव्हीच्या जुन्या पाइपातून कॅट-6 केबल वर न्या. विजेच्या तारा असलेल्या पाइपात ती कधीही घालू नका. पंधरा-वीस मीटरमध्ये काम होतं, आणि वर पूर्ण गिगाबिट मिळतो.